त्या हितचिंतकाचे नाव काय?

१३ जून २०२३ रोजी सकाळी महाराष्ट्रातल्या बहुतेक मोठ्या दैनिकांच्या दर्शनी पानावर एकच जाहिरात होती. 'राष्ट्रामध्ये मोदी, महाराष्ट्रामध्ये शिंदे' ही तिची मुख्य ओळ. सोबत एका सर्वेक्षणाचे आकडे होते: मुख्यमंत्रीपदासाठी एकनाथ शिंदे यांना २६.१ टक्के लोकांची पसंती, देवेंद्र फडणवीस यांना २३.२ टक्के. फोटो दोनच, पंतप्रधानांचा आणि मुख्यमंत्र्यांचा. भाजपमध्ये नाराजी पसरली. दुसऱ्या दिवशी दुसरी जाहिरात आली आणि तिच्यात बाळासाहेब ठाकरे, आनंद दिघे, फडणवीस अशा सगळ्यांना जागा मिळाली. वाहिन्यांवर दोन दिवस कीस पाडला गेला तो कुणाचा फोटो गाळला, का गाळला आणि युतीत बिनसले आहे का, याचा.

त्या गदारोळात मंत्री शंभूराज देसाई एक वाक्य बोलून गेले. ही जाहिरात सरकारने दिलेली नाही, कुणा हितचिंतकाने दिली आहे, असे ते म्हणाले. तिथे विषय मिटला. माझ्या मते खरा विषय तिथून सुरू व्हायला हवा होता. एकाच दिवशी इतक्या दैनिकांचे दर्शनी पान घेणे हे सामान्य माणसाच्या खिशाचे काम नाही. कुणीतरी ती रक्कम भरली, कुणाच्या तरी नावाने बिल फाडले गेले, वर्तमानपत्राच्या जाहिरात विभागात त्या नावाची नोंद झाली. ते नाव फक्त वाचकाला कळले नाही. राज्याच्या मुख्यमंत्र्यावर एवढा खर्च करणारा माणूस कोण आहे, त्याचा सरकारशी काही व्यवहार आहे का, त्याला पुढे काही हवे आहे का, हे विचारण्याचा हक्क ज्याला आहे त्या मतदारासमोर फक्त दोन हसरे चेहरे आणि टक्केवारी ठेवली गेली.

नेत्याने स्वतःची प्रतिमा घडवू नये असे माझे म्हणणे नाही. लोकशाहीत नेत्याला लोकांसमोर यावेच लागते आणि लोक जिथे असतात तिथे यावे लागते. वर्तमानपत्र, सभा, नाटक-सिनेमा, दूरचित्रवाणी, आता मोबाइल. आपल्याकडे याची परंपरा जुनी आहे आणि तिचा मोठा भाग मला स्वच्छ वाटतो. आचार्य अत्र्यांच्या 'मराठा'ने संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात कुणाची बाजू घेतली हे वाचकाला पहिल्या ओळीत कळत असे. १९६० साली सुरू झालेले 'मार्मिक' आणि १९८८ साली निघालेले 'सामना' कुणाचे, हे कधी कुणाला विचारावे लागले नाही. 'सामना'त संजय राऊत उद्धव ठाकरे यांची मुलाखत घेतात, तेव्हा पक्षाचा नेता पक्षाच्याच मुखपत्राशी बोलतो आहे हे वाचकाला ठाऊक असते. तो तेवढे गृहीत धरूनच वाचतो. २०१८ च्या फेब्रुवारीत पुण्यात राज ठाकरे यांनी शरद पवारांची जाहीर मुलाखत घेतली. एका राजकारण्याने दुसऱ्याला प्रश्न विचारले, ते सगळ्यांच्या देखत, आणि कोण काय टाळतो आहे हेही लोकांना दिसले. २०२४ च्या निवडणुकीआधी अजित पवार एकाएकी गुलाबी जॅकेटमध्ये दिसू लागले, तेव्हा त्यामागे प्रचारसंस्थेचा सल्ला आहे हे उघड होते. त्यावर कुणी हसले, कुणाला ते आवडले. उघड गोष्टीवर लोक आपापला निकाल देऊ शकतात.

तमिळनाडूचे उदाहरण नेहमी दिले जाते. एम. जी. रामचंद्रन यांनी पडद्यावर गरिबांचा कैवारी रंगवला आणि १९७७ साली ते मुख्यमंत्री झाले. १९६७ च्या जानेवारीत त्यांच्यावर गोळी झाडली गेली आणि गळ्याला बँडेज बांधलेला त्यांचा फोटो त्या निवडणुकीत गावोगावी लागला. प्रतिमेचे राजकारण यापेक्षा ठळक कुठे सापडणार? पण तिथल्या प्रेक्षकाला ते द्रमुकचे आहेत हे माहीत होते. संवाद लिहिणारे करुणानिधी कोणत्या पक्षाचे, हेही माहीत होते. चित्रपट पाहायला जाणारा माणूस पक्षाच्या माणसाचा चित्रपट पाहायला जात होता. मला अडचण प्रतिमेची वाटत नाही. प्रतिमा घडवणारा हात झाकला जातो, तिथे मला धोका दिसतो.

हा हात झाकण्याची रीत महाराष्ट्रात किती पुढे गेली आहे, ते २००९ साली नांदेडने दाखवले. त्या वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण भोकरमधून उभे होते. ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी निवडणुकीनंतर दाखवून दिले की चव्हाणांचे गुणगान करणारा एकच मजकूर वेगवेगळ्या मोठ्या मराठी दैनिकांत शब्दाला शब्द जुळवून छापला गेला होता. पानेच्या पाने अशी भरली होती. कुठेही 'जाहिरात' असा शब्द नव्हता. आणि चव्हाणांनी निवडणूक खर्चाच्या हिशेबात वृत्तपत्रीय जाहिरातींपोटी दाखवलेली रक्कम होती ५,३७९ रुपये. केबल वाहिन्यांसाठी ६,००० रुपये. मजकूर वृत्तपत्रांनी आपणहून छापला, पैसे दिलेले नाहीत, अशी चव्हाणांची बाजू होती. पराभूत उमेदवार माधवराव किन्हाळकर हे प्रकरण घेऊन लढत राहिले. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की उमेदवाराने दिलेला हिशेब खरा आहे की नाही, हे तपासण्याचा अधिकार निवडणूक आयोगाला आहे. त्याच वर्षी जुलैत आयोगाने चव्हाणांच्या विरोधात निष्कर्ष काढला आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. तोवर ज्या विधानसभेसाठी ही निवडणूक झाली तिची मुदत संपत आली होती.

एका व्यक्तीला दोषी ठरवण्यासाठी मी हे सांगत नाही, न्यायालयाने आदेश रद्द केला आहे. मला दिसते ते यंत्रणेचे अपंगत्व. उत्तर प्रदेशात बिसौलीच्या आमदार उमलेश यादव २०११ साली अशाच छुप्या प्रसिद्धीचा खर्च हिशेबात न दाखवल्यावरून अपात्र ठरल्या. मध्य प्रदेशचे तेव्हाचे मंत्री नरोत्तम मिश्रा यांना आयोगाने २०१७ साली २००८ च्या निवडणुकीतल्या हिशेबावरून अपात्र ठरवले आणि पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. नऊ वर्षांनी निकाल, दहाव्या वर्षी तो रद्द. कायद्याची भाषाच अशी आहे की उमेदवाराने खर्च 'केला किंवा करण्यास मंजुरी दिली' हे सिद्ध व्हावे लागते. आपले कौतुक छापण्यासाठी लेखी मंजुरी कोण देईल?

भारतीय प्रेस परिषदेची गोष्ट तर याहून बोलकी आहे. २००९ साली परिषदेने पेड न्यूजच्या, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांच्या, चौकशीसाठी परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. त्यांनी ७१ पानांचा अहवाल दिला. त्यात वृत्तपत्रांची आणि वाहिन्यांची नावे होती. परिषदेने नावे वगळलेला आटोपशीर अहवाल स्वीकारला, आणि मूळ अहवाल लोकांसमोर आला तो २०११ साली, माहिती आयोगाने आदेश दिल्यावर. पैसे घेऊन बातम्या छापणाऱ्यांची चौकशी झाली आणि त्या चौकशीतही नावेच लपवावीशी वाटली.

निवडणुकीपुरती तरी आयोगाची नजर असते. बाकीच्या साडेचार वर्षांत काय होते ते पाहायचे तर जिल्ह्याच्या गावी जायला हवे. तिथे प्रतिमा घडते ती वाढदिवसाच्या पुरवणीतून. आमदाराचा, साखर कारखान्याच्या अध्यक्षाचा, जिल्हा बँकेच्या संचालकाचा वाढदिवस आला की चार-आठ रंगीत पाने निघतात. 'कार्यसम्राट', 'विकासपुरुष', 'जनसामान्यांचा आधारवड', 'उमदे नेतृत्व'. मथळे ठरलेले असतात, फक्त नाव आणि फोटो बदलतो. लेखाखाली 'प्रतिनिधी' असे लिहिलेले असते किंवा काहीच नसते. हा मजकूर लिहितो तो बहुतेक वेळा तालुक्याचा वार्ताहर, ज्याचे मानधन इतके तुटपुंजे असते की घर चालते ते जाहिरातींच्या कमिशनवर. वर्षाचे टार्गेट असते. दिवाळी, वर्धापनदिन, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि नेत्यांचे वाढदिवस हे त्याचे हंगाम. पुरवणीसाठी ज्याच्या दारात तो जाहिरात मागायला जातो, त्याच माणसाच्या कारभारावर उरलेले वर्षभर त्याने बातम्या द्यायच्या असतात. मी या वार्ताहरांना दोष देत नाही. त्यांच्यातल्या कित्येकांनी वाळूमाफियांच्या धमक्या सोसून बातम्या दिल्या आहेत. पण ज्याच्याकडून कमिशन मिळते त्याने केलेल्या रस्त्याला पहिल्या पावसात खड्डे पडले, तर ती बातमी किती धिटाईने लिहिली जाईल, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आणि त्या पुरवणीतल्या जाहिराती नीट वाचा. शुभेच्छुक कोण असतात? पंचायत समितीची कामे घेणारा कंत्राटदार, बाजार समितीचे सभापती, सूतगिरणीचे संचालक मंडळ, पतसंस्था, शिक्षणसंस्थेतले प्राचार्य आणि 'सर्व शिक्षक-शिक्षकेतर कर्मचारी'. यातला कंत्राटदार निदान स्वतःच्या खिशातून देतो, तो त्याच्या धंद्याचा खर्च आहे. पण सहकारी कारखान्याने आपल्याच अध्यक्षांना पानभर शुभेच्छा दिल्या तर ते पैसे कुणाचे? ऊस घालणाऱ्या सभासदाचे. पतसंस्थेने दिल्या तर ठेवीदाराचे. शाळेच्या नावाने दिल्या आणि रक्कम पगारातून गोळा झाली, तर नोकरी टिकवायची चिंता असलेल्या शिक्षकाचे. त्याला कुणी विचारलेले नसते. पानावर मात्र तो शुभेच्छुक म्हणून हजर असतो. एका माणसाची प्रतिमा शेकडो माणसांच्या न विचारता घेतलेल्या पैशावर उभी राहते आणि मग ती प्रतिमा त्याच माणसांकडे मते मागायला येते. या साऱ्या प्रकारात मला सर्वांत जास्त चीड येते ती याची.

चौकातले फ्लेक्स बेकायदा असतात, शहर विद्रूप करतात, त्यांच्याविरुद्ध उच्च न्यायालयाने कितीदा तरी खडसावले आहे. तरी फ्लेक्सवर खाली शुभेच्छुकांची नावे आणि फोटो असतात. कोण कुणाच्या मागे उभे आहे, हे रस्त्याने जाणाऱ्याला समजते. छापील पानावर आणि पडद्यावर तेवढेही समजत नाही.

पडद्याकडे वळू. महाराष्ट्रात नट मुख्यमंत्री झाला नाही. इथे उलटे घडते आहे, नेतेच चित्रपटांतली पात्रे होत आहेत. २०१९ हे निवडणुकीचे वर्ष होते. त्या जानेवारीत एकीकडे मनमोहन सिंग यांच्या कारकिर्दीवरचा चित्रपट आला, दुसरीकडे बाळासाहेबांवरचा 'ठाकरे'. दुसऱ्याची कथा आणि निर्मिती संजय राऊत यांची. ते तेव्हा शिवसेनेचे खासदारही होते. नाव श्रेयनामावलीत होते, लपवाछपवी नव्हती. एप्रिलमध्ये पंतप्रधानांवरचा चरित्रपट मतदानाच्या पहिल्याच दिवशी, ११ तारखेला, प्रदर्शित होणार होता. आदल्या दिवशी आयोगाने तो रोखला. निकाल लागला २३ मे रोजी, चित्रपट आला २४ ला. त्याच काळात 'नमो टीव्ही' नावाची एक वाहिनी ३१ मार्चला डीटीएचवर अचानक उगवली. तिला वाहिनीचा परवाना नव्हता, डीटीएच कंपन्या तिला विशेष सेवा म्हणत होत्या, आणि निवडणूक आटोपताच ती नाहीशी झाली. घराघरांत चोवीस तास दिसणारे हे प्रक्षेपण नेमके कुणाचे आणि कोणत्या नियमाखाली चालू आहे, याचे सरळ उत्तर प्रेक्षकाला पहिल्या दिवशी मिळायला हवे होते. ते मिळेपर्यंत मतदान सुरूही झाले.

'धर्मवीर' १३ मे २०२२ रोजी आला. आनंद दिघे यांचे चरित्र, आणि त्यात त्यांचा शिष्य म्हणून एकनाथ शिंदे यांचे पात्र. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात शिवसेना फुटली आणि ३० जूनला शिंदे मुख्यमंत्री झाले. दुसरा भाग २७ सप्टेंबर २०२४ रोजी आला, विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली १५ ऑक्टोबरला. ठाण्यात दिघ्यांवर मनापासून प्रेम करणारी हजारो माणसे आहेत. त्यांच्यासाठी हा चित्रपट श्रद्धेचा भाग असेल आणि त्या श्रद्धेचा मी आदर करतो. चित्रपट बनवणाऱ्यांवर मी कसलाही आरोप करत नाही. माझा आक्षेप व्यवस्थेवर आहे. हयात आणि सत्तेतला नेता ज्या चित्रपटात पात्र म्हणून येतो, त्याला कोणत्याही पक्षाचा, पदाधिकाऱ्याचा किंवा सरकारी कंत्राट घेणाऱ्याचा पैसा लागला आहे की नाही, हे सांगण्याचे बंधन आपल्याकडे कुणावरच नाही. कुठल्याही पक्षाचा चित्रपट घ्या, आमदार-नगरसेवक कार्यकर्त्यांसाठी अख्खे चित्रपटगृह आरक्षित करून मोफत खेळ लावतात. तो खर्चही कुठल्याच हिशेबात येत नाही.

का येत नाही? लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे उमेदवाराने हिशेब ठेवायचा तो उमेदवारी अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतचा, म्हणजे जेमतेम महिनाभराचा. विधानसभेसाठी ४० लाख रुपयांची मर्यादा आहे, ती या दिवसांपुरती. आदल्या महिन्यातली पुरवणी, चित्रपट, रील, मुलाखत यांतले काहीही मोजले जात नाही. पक्षाच्या खर्चाला तर मर्यादाच नाही. त्यामुळे शहाणा प्रचारक प्रतिमेवरचा खरा खर्च आधीच उरकतो आणि मोजणी सुरू होते तेव्हा फक्त चहा-नाश्ता, गाड्या आणि मंडप उरतात.

याच कायद्यात कलम १२७ क आहे. निवडणुकीचे साधे पत्रक किंवा भित्तीपत्रक छापायचे असेल, तर त्यावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता हवाच. नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे बंधन १९६१ पासूनचे आहे. ज्यांनी ते घातले त्यांना एवढे कळले होते की मतदाराच्या हातात पडणाऱ्या कागदामागचा माणूस मतदाराला माहीत हवा. तेव्हा प्रचाराचे मोठे साधन पत्रकच होते. आज दहा माणसांच्या हाती पडणाऱ्या पत्रकाला नाव लागते आणि दहा लाख माणसांच्या मोबाइलवर जाणाऱ्या रीलला लागत नाही. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्यासाठी खर्च करणे हाही गुन्हा आहे. जुन्या दंडविधानात त्याला ५०० रुपये दंड होता, नव्या न्याय संहितेत तो १०,००० रुपयांपर्यंत आहे. दर्शनी पान घेऊ शकणाऱ्या हितचिंतकाला या दंडाची काय पत्रास?

मुलाखतींचेही तसेच. २४ एप्रिल २०१९ रोजी, लोकसभेच्या मतदानाचे तीन टप्पे झालेले असताना, अक्षय कुमार यांनी पंतप्रधानांची 'अराजकीय' मुलाखत घेतली आणि आंबा कसा खाता असे विचारले. निवडणूक चालू असताना उमेदवाराशी झालेले कुठलेही संभाषण अराजकीय नसते. आंब्याबद्दल बोलणारा माणूस आपल्यातला वाटतो, आणि तो तसा वाटावा हाच तर उद्देश असतो. मराठी मनोरंजन वाहिन्यांवर आता सर्व पक्षांचे नेते येतात. लग्न कसे जमले, स्वयंपाक येतो का, कोणते गाणे आवडते. यात पाप काही नाही. मतदाराला नेत्याचा स्वभाव पाहावासा वाटतो आणि मलाही वाटतो. पण ज्या नेत्याने वर्षभरात एकही मोकळी पत्रकार परिषद घेतली नाही त्याला तासभर गप्पा मारायला मंच देताना वाहिनीने प्रेक्षकाला दोन गोष्टी सांगाव्यात: प्रश्न आधी दाखवले होते का, आणि संपादित भाग पाहुण्याच्या संमतीने ठरला का. 'हो' असे उत्तर असले तरी हरकत नाही. पट्टीवर तसे लिहा आणि मग खुशाल गप्पा मारा.

मोबाइलवर तर साबण-क्रीमचा नियमही नेत्याला लागू नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की पैसे किंवा भेटवस्तू घेऊन एखाद्या वस्तूची शिफारस करणाऱ्या इन्फ्लुएन्सरने ती जाहिरात आहे, हे ठळकपणे आणि सोप्या शब्दांत लिहावे. दिशाभूल केली तर ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. चेहऱ्याला लावायच्या क्रीमबद्दल आपल्याला हे संरक्षण आहे. पाच वर्षे आपल्यावर राज्य करणाऱ्या माणसाबद्दल नाही. तोच इन्फ्लुएन्सर आदल्या दिवशी क्रीमच्या व्हिडिओवर 'प्रायोजित' लिहितो आणि दुसऱ्या दिवशी आमदारसाहेबांच्या गाडीत बसून त्यांच्या दिनक्रमाचा व्हिडिओ काढतो, तेव्हा काहीच लिहीत नाही. उत्तर प्रदेश सरकारने २०२४ च्या ऑगस्टमध्ये निदान धोरण म्हणून हे कागदावर आणले: सरकारी योजनांचा प्रसार करणाऱ्यांना महिन्याला ८ लाखांपर्यंत मोबदला. ते धोरण मला आवडलेले नाही, पण दर तरी लोकांना कळला.

मला बंदी नको आहे. २०१९ ची चित्रपटबंदी पाहा. ती आचारसंहितेच्या काळापुरती होती, म्हणून आचारसंहितेआधी येणाऱ्या प्रत्येक चित्रपटाला तिने मोकळे रान दिले. शिवाय आज बंदीचे शस्त्र ज्याच्या हाती आहे, तो उद्या ते विरोधकाच्या माहितीपटावर चालवील. मला हवे आहे ते नाव. वर्तमानपत्र असो, पडदा असो की मोबाइल, पदावरच्या किंवा पदासाठी उभ्या असलेल्या राजकीय व्यक्तीचा प्रचार करणाऱ्या मजकुरासाठी ठरावीक रकमेच्या वर पैसा लागला असेल, तर देणाऱ्याचे नाव त्याच मजकुरावर, त्याच आकाराच्या अक्षरांत, बारा महिने. कलम १२७ क चे तत्त्व जुनेच आहे, ते फक्त कागदाबाहेर आणायचे. विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालात पेड न्यूज आणि राजकीय जाहिरात यांची व्याख्या कायद्यात घालावी, आणि खर्चाची मोजणी निवडणुकीच्या अधिसूचनेपासून सुरू करावी, असे सुचवले होते. माझ्या मते अधिसूचनेपासूनची मोजणीही अपुरी आहे, निदान वर्षभर आधीपासून ती व्हावी. पण तेवढी सूचनासुद्धा आजवर अमलात आलेली नाही.

अमेरिकेत २००२ च्या कायद्यापासून उमेदवाराला आपल्या रेडिओ-टीव्ही जाहिरातीत स्वतःच्या आवाजात सांगावे लागते की हा संदेश मला मान्य आहे. त्याने तिथला पैसा शुद्ध झाला नाही, आडवाटेने येणारा निनावी पैसा उलट वाढला. म्हणून नुसती उमेदवाराची कबुली पुरत नाही, पैसे देणाऱ्याचेच नाव हवे.

यावर एक आक्षेप असा आहे की नाव उघड झाले तर विरोधी पक्षाला मदत करणारा अडचणीत येईल, सत्ताधारी त्याच्या मागे चौकश्या लावतील. ही भीती खोटी नाही. देणगीदाराचे नाव लोकांना न कळता पक्षाला देणगी देण्याची सोय करणाऱ्या निवडणूक रोख्यांच्या वेळी सरकारने हाच युक्तिवाद केला होता. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रोखे रद्द केले, ते मतदाराच्या जाणून घेण्याच्या हक्कासाठी. त्यानंतर याद्या बाहेर आल्या आणि देणगी व कंत्राट यांच्या तारखा लोकांनी शेजारी शेजारी मांडून पाहिल्या. निनावीपणाचे कवच दुर्बळ देणगीदारापेक्षा बलवान लाभार्थ्याच्या जास्त कामी येते, असा माझा त्यातून निष्कर्ष आहे. लहान माणसाच्या रक्षणासाठी रकमेची पायरी ठेवता येते. पक्षांच्या देणग्यांत आजही २०,००० रुपयांपर्यंतच्या देणगीदाराचे नाव कळवावे लागत नाही, तशी. पाचशे रुपये देऊन गावात शुभेच्छा छापणाऱ्याला कुणी त्रास देऊ नये. दर्शनी पान विकत घेणाऱ्याने अंधारात राहू नये.

दुसरा आक्षेप मतदाराच्या शहाणपणाचा आहे. लोक असल्या जाहिरातींना भुलत नाहीत, असे म्हणतात. महाराष्ट्राच्या मतदाराने भल्याभल्यांना घरी बसवले आहे हे खरे. पण शहाण्या माणसालाही निवाडा करायला माहिती लागते. बातमी म्हणून छापलेली स्तुती तो बातमी म्हणूनच वाचतो, कारण ज्या वर्तमानपत्रावर त्याचा वर्षानुवर्षे विश्वास आहे त्याने ती बातमीच्या जागी ठेवलेली असते. तिथे फसतो तो त्याचा विश्वास, अक्कल नव्हे.

कायदा बदलायला संसद लागते आणि ज्यांना तो बदलायचा आहे तेच त्याचे लाभार्थी आहेत, त्यामुळे तिकडून घाईची अपेक्षा नाही. संपादकांना मात्र कुणाची वाट पाहावी लागत नाही. प्रत्येक मराठी दैनिकाच्या शेवटच्या पानाच्या तळाशी मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे बारीक अक्षरांत असतात. तशीच 'जाहिरातदार' अशी एक ओळ प्रत्येक राजकीय जाहिरातीखाली आणि प्रत्येक वाढदिवस पुरवणीच्या माथ्यावर उद्यापासून घालता येईल. जे दैनिक हे पहिल्यांदा करेल त्याचा काही महसूल बुडेल, पण त्याच्या बातमीवर मी जास्त विश्वास ठेवीन, आणि असे वाचक पुष्कळ आहेत.

आणि सभासदांनाही एक काम आहे. महाराष्ट्रातल्या सहकारी संस्थांना ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक सभासदाला पाहता येते, आणि सहकार कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे संचालक मंडळाच्या सभांचे इतिवृत्तही पाहता येते. अध्यक्षांच्या वाढदिवसाच्या जाहिरातीचा ठराव कोणत्या तारखेला झाला, कुणी मांडला, कुणी अनुमोदन दिले आणि रक्कम कोणत्या खात्यात टाकली, हे सभासदाने सभेच्या आधी कार्यालयात जाऊन उतरवून घ्यावे, सभेत उभे राहून वाचून दाखवावे, आणि ती रक्कम ज्यांच्या शुभेच्छा होत्या त्या संचालकांच्या वैयक्तिक खात्यातून वसूल करण्याचा ठराव मांडावा.